सासूबाईंचे चॉकलेटी गोळे

लॅबमध्ये तिला सगळे बाटलीताई म्हणत. सकाळी शटर वर गेलं की लोक आपापल्या बाटल्या रुमालात, वर्तमानपत्रात, कुणी तर औषधाच्या खोक्यात लपवून आणायचे आणि तिच्या खिडकीत सरकवून दुसरीकडेच बघायचे. ती झाकण घट्ट आहे ना ते बघे, वर चिठ्ठी चिकटवे आणि पुढच्याला हाक मारे. थुंकी, लघवी, शौच, जखमेतला पू, सगळं तिच्या हाताखालून जाई. दुपारी हात धुऊन ती मागच्या खोलीत निवांत डबा खाई. नव्या लागलेल्या मुली नाकाला ओढणी लावत, तेव्हा ती म्हणे, "अगं, शी काय करायचं त्यात? आत काय आहे ते बाटलीवर लिहिलेलंच असतं."

अशा बाईला स्वतःच्याच घरात अन्नपाणी नकोसं व्हावं, हे कुणाला सांगून पटलं नसतं. म्हणून तिने ते कुणाला सांगितलंही नाही.

तिच्या सासूबाईंना बिल्डिंगमध्ये हुन्नरआजी म्हणत. त्यांचा जन्म गेला तो बस स्टँडजवळच्या एका लॉजमध्ये खोल्या झाडण्यात आणि संध्याकाळी त्याच गल्लीतल्या समारंभाच्या हॉलमध्ये भांडी विसळण्यात. गुडघे गेले तेव्हा काम सुटलं, पण हात काही स्वस्थ बसेनात. त्या रंगीत थरांचे साबण करत. कान तुटलेल्या कपांत मेणबत्त्या ओतत. ओठांना लावायचं गुलाबी मलम करून इवल्याशा डब्यांत भरत. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे त्यांचे चॉकलेटी गोळे. आत मऊसूत केक, वर चॉकलेटचं चकचकीत कवच, त्यावर साखरेचे रंगीत दाणे आणि धरायला एक काडी. कुणाच्याही मुलाचा वाढदिवस असला की आधी हुन्नरआजींना सांगावं लागे, मग बाकीच्या पाहुण्यांना. रविवारी दुपारी चारपाच जणी त्यांच्याकडे शिकायला येत. सासूबाईंचं आपलं एकच पालुपद, "सोप्पं आहे गं. घरातल्या घरात होतं. बाहेरून काही विकत आणावं लागत नाही."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ सुनेला हप्त्याहप्त्याने कळला.

पहिला हप्ता लग्नानंतर लगेचच. न्हाणीघरात हिरवट, आरपार दिसणारा साबण होता. इतका देखणा, की तिने तो उजेडाकडे धरून बघितला. आत पानाची शीर असावी तसं काहीतरी वाकडं दिसलं. तिने अंगठ्याने जरा घासलं, तर ते टोचलं. नख होतं. चंद्रकोरीसारखं कापलेलं, जाड, पिवळं. हाताच्या बोटाचं नव्हे, पायाच्या अंगठ्याचं. ती तशीच ओल्या अंगाने उभी राहिली. आत्ता, या क्षणी, आपण हाच साबण मानेला, तोंडाला लावला.

नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "लॉजमध्ये लोक अर्धवट वापरलेल्या वड्या टाकून जातात ना, तिथली जुनी माणसं त्या आईला आणून देतात, ती वितळवते. उकळलं की सगळं मरतं गं."

"नख कसं मरेल?"

तो हसला आणि चहा पिऊ लागला.

दुसरा हप्ता सासूबाईंनी स्वतःच दिला, अगदी सहज, शिकायला आलेल्या बायका गेल्यावर. ओठांच्या मलमाला एवढा छान रंग कसा येतो, असं सुनेने कौतुकाने विचारलं होतं. "लॉजच्या खोल्यांच्या ड्रॉवरमध्ये लिपस्टिकची थोटकं राहतात. तळाशी चांगली बोटभर असते. काडीने खरवडून काढायची." हे ऐकताना सुनेचा हात आपोआप ओठांकडे गेला. लग्नाच्या दिवशी सासूबाईंनी आपल्या करंगळीने, मोठ्या मायेने, तिच्या ओठांना तेच मलम लावलं होतं. कुणाकुणाच्या ओठांवरून फिरून आलेलं ते! तिने कापसाला स्पिरिट लावून ओठ इतके पुसले की चार दिवस मिठाचं काही खाता येईना.

पण संसार करायचा होता. तिने स्वतःचा साबण वेगळ्या डबीत, कपड्यांच्या कपाटात ठेवला. ओठ कोरडे राहिले तर राहोत. सासूबाई वाईट नव्हत्या. उलट अंगाने लख्ख. केस चापूनचोपून बांधलेले, लुगड्याला कुठे डाग नाही, स्वयंपाकाचा ओटा आरशासारखा. त्यामुळेच तर तिचं डोकं चक्रावायचं. एवढ्या टापटिपीच्या बाईला हे कसं चालतं?

गोळ्यांबद्दल मात्र तिच्या मनात कधी पाल चुकचुकली नाही. केक तो केक, चॉकलेट ते चॉकलेट. ती स्वतः आवडीने खाई. वर डबा भरून लॅबमध्ये नेई आणि डॉक्टरीणबाईंपासून झाडूवाल्या काकांपर्यंत सगळ्यांना आग्रह करकरून वाटे.

मग लेकीचा पाचवा वाढदिवस आला. पाहुणे संध्याकाळी येणार होते. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि कुणाला न कळवता दुपारीच घरी आली. पुढच्या खोलीत फुगे फुगवून ठेवलेले. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. आतून सासूबाईंचा आणि जाड्या मावशीचा आवाज येत होता. जाडी मावशी म्हणजे सासूबाईंची हॉलमधली जुनी मैत्रीण. ती अजून तिथेच भांडी घासायची.

सुनेने दार ढकललं.

फरशीवर प्लास्टिक अंथरलं होतं. मध्ये काळी कचऱ्याची पिशवी, तोंड उघडून पसरलेली. त्यात केक होता. केक म्हणजे, केकचं जे उरतं ते. काही तुकड्यांवरचं पांढरं क्रीम कडेने पिवळं पडून घामेजलं होतं. एकाला कुणीतरी बोट घालून खरवडलं होतं, बोटाची खोबण तशीच. एकाला दातांचा घास घेतलेला, वरचे दात आणि खालचे दात वेगळे ओळखू यावेत इतका स्वच्छ. कागदी रुमाल चिकटून लगदा झालेले. आणि एका गुलाबी फुलात सिगारेटचं थोटूक खुपसून विझवलेलं होतं. आदल्या दिवशीचं क्रीम, राख आणि कुणाचा तरी सेंट, या सगळ्याचा एकत्र गोडसर वास येत होता.

सासूबाई पाटावर बसून काट्याने तुकडे वेचत होत्या. घास घेतलेली कड सुरीने कापून टाकत, उरलेलं परातीत घालत. हात इतके शांत चालले होते, जणू भाजी निवडतायत.

आणि परातीशेजारी तिची लेक बसली होती. हातात कालवायचा चमचा, तोंड चॉकलेटने माखलेलं. "आई, चव बघ ना," म्हणून तिने चमचा पुढे केला.

लेकीच्या बखोटीला धरून सून मोरीवर गेली आणि बोट घालून तिचं तोंड धुऊ लागली. पोरीने भोकाड पसरलं.

"अगं, तिला कशाला रडवतेस?" सासूबाई आतून म्हणाल्या.

"आई, हे... हे उष्टं आहे!"

"कडा काढते ना मी."

"कडा काढल्या की झालं? लोकांनी तोंड लावलेलं, त्यात सिगारेट विझवलेली..."

"ते फूल टाकणारच होते मी," सासूबाई जराशा दुखावून म्हणाल्या. "मी काय वेडी आहे?"

ओट्यावर दोन ट्रे भरून तयार गोळे ठेवले होते. चकचकीत, एकसारखे, वर रंगीत दाणे. दुकानातसुद्धा एवढे देखणे मिळाले नसते. तिने एकेक ट्रे उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात उपडा केला. गोळे टपाटप पडले. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "चॉकलेट तरी नवीन होतं गं."

जाड्या मावशीला राहवलं नाही. "ए बाई, एवढा कसला सोवळेपणा? तुझा नवरा याच केकवर मोठा झालाय. बाप सोडून गेला तेव्हा हिच्या घरात साखर नव्हती. पोराला वर्गात वाटायला काहीतरी हवं म्हणून हिने पहिल्यांदा हे गोळे केले. हॉलच्या मागच्या दाराशी पिशवी कोण धरायचं? तोच धरायचा."

"म्हणजे त्याला माहीत आहे?"

सासूबाईंनी मान खाली घातली. "त्याला काय, सगळंच माहीत आहे."

तिला वाटलं होतं, सिगारेटचं थोटूक बघितलं म्हणजे तळ गाठला. पण तळ आत्ता लागला. लग्नाआधी तो तिला भेटायला यायचा, तेव्हा खिशात कागदात गुंडाळलेला एक गोळा असायचा. तो स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात घालायचा आणि विचारायचा, "कसा आहे?" ती डोळे मिटून म्हणायची, "मस्त!"

रडायला वेळ नव्हता. तिने जाड्या मावशीला पिशवीसकट बाहेर काढलं. फरशी जंतुनाशकाने पुसली. कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटांचे पुडे, लोणी, चॉकलेट आणलं. मग सासू आणि सून, दोघी समोरासमोर बसल्या. सून लाटण्याने बिस्किटं ठेचत होती आणि सासूबाई गोळे वळत होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सासूबाईंनी हात तीन वेळा धुतले होते, सुनेने उभं राहून धुवायला लावले होते. त्यांचे डोळे लाल होते, पण बोटं मात्र चुकत नव्हती. गोळे पुन्हा तसेच झाले, एकसारखे, देखणे.

पाहुणे आले, केक कापला, गोळे वाटले. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी एक तोंडात टाकला आणि जरा थांबल्या. "आजी, आज नेहमीसारखे नाही झाले हो. मऊपणा नाही आला. तब्येत बरी आहे ना?"

शेजारच्या बँकवाल्या वहिनींनी लगेच री ओढली. "मला पण वाटलंच. ती मुरलेली चव नाही."

मुरलेली! सगळ्यांच्या हलणाऱ्या तोंडांकडे सून बघत राहिली. या सगळ्यांनी वर्षानुवर्षं ते मिटक्या मारत खाल्लं होतं आणि आता चांगल्याला नाक मुरडत होते. सासूबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेत विजय नव्हता म्हणावं, तर तसंही नव्हतं.

नवऱ्याने गोळा चावला, आणि चावता चावता थांबला. आधी आईकडे, मग बायकोकडे बघितलं. त्याला कळलं.

पाहुणे गेल्यावर तो भांडी गोळा करायला स्वयंपाकघरात आला. तिने विचारलं, "माझ्या तोंडात घालताना तुला काहीच वाटलं नाही?"

"लहानपणापासून तेच खाल्लंय. मला केक म्हणजे तेच वाटतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू लग्न केलं नसतंस."

"नसतंच केलं," ती म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं. तो सिंकपाशी गेला आणि पाहुण्यांच्या ताटल्यांतलं उरलेलं निमूटपणे कचऱ्यात ढकलू लागला. एरवी तो ते तोंडात टाकत असे. इतकी वर्षं ते तिच्या डोळ्यांसमोर होतं, आणि तिला वाटायचं, माणूस अन्न वाया घालवत नाही, गुणी आहे.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये झाडूवाल्या काकांनी विचारलं, "बाटलीताई, लेकीच्या वाढदिवसाचे गोळे?" तिने सांगितलं, संपले. त्यांचा हिरमुसलेला चेहरा बघवेना. त्या दिवशी तिला डबाही गेला नाही. एक एक करून सगळे आठवत होते, ज्यांना तिने आपल्या हाताने खाऊ घातलं होतं. डॉक्टरीणबाई गरोदर असतानासुद्धा.

पुढे कित्येक दिवस ती घरात स्वतःचा पेला वेगळा ठेवी. नवरा जवळ आला की तिचं तोंड आपोआप दुसरीकडे वळे. सासूबाईंचा रविवारचा वर्ग मात्र चालूच होता. शिकणाऱ्यांना त्या पहिल्यापासून घरी भाजलेला ताजा केकच वापरायला सांगत. आणि त्या बायका पहिल्यापासून तक्रार करत, की आमचे तुमच्यासारखे होत नाहीत.

मग घरात एक नियम झाला. कुणी मोठ्या आवाजात सांगितला नाही, आपोआपच झाला. सून विचारणार आणि सासूबाई खरं सांगणार. "आई, ही मेणबत्ती?" "लॉजमधली थोटकं." "हे तेल?" "विकतचं. बाटली बघ." कधी कधी उत्तर ऐकून ती वस्तू सरळ कचऱ्यात जाई. सासूबाई बघत राहत, पण अडवत नसत.

एके दिवशी दुपारी लेक झोपली होती. आजीने नुकतीच शिवून दिलेली बाहुली तिने गालाशी घट्ट धरली होती. कापडी, गुबगुबीत, इतकी मऊ की हात लावावासा वाटे. सुनेने लावला. दाबल्यावर आतलं काहीतरी हळूच, एखाद्या जिवंत वस्तूसारखं सरकलं.

"आई, यात काय भरलंय?"

सासूबाईंनी सुई थांबवली नाही. "केस. खालच्या पार्लरमधले. दोनदा शाम्पूने धुतले, उन्हात वाळवले."

सुनेने हात झटकला, मोरीवर जाऊन धुतला, परत आली. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं, "कुणाकुणाचे?"

"सगळे मिसळलेले. तुझे पण असतील. मागे कापून आलीस ना?"

तिने दोन बोटांनी बाहुली लेकीच्या हातातून अलगद सोडवली, गॅलरीत नेली आणि पाठीची शिवण कात्रीने उसवली. काळे, तांबूस, रंगवलेले, पांढरे, गुंतून एकच लगदा झालेले केस बाहेर आले. त्यांतले आपले कुठले, हे ओळखायचा तिने प्रयत्नही केला नाही. श्वास रोखून तिने ते पिशवीत भरले आणि गाठ मारली.

मागे पावलं वाजली. सासूबाई गुडघ्यांवर हात देत, कापसाचा पुंजका छातीशी धरून उभ्या होत्या.

"हा कुठला?"

"दुकानातला. शेजारच्या पोराला पाठवून आणवला, आत्ताच. कागद हवा तर दाखवते."

तिने कापूस नाकाशी नेला. कशाचाच वास येत नव्हता. मूठ मूठ करून तिने तो बाहुलीत भरला, आणि सासूबाईंनी पाठ शिवली. मग ती कोपरापर्यंत हात धुवायला आत गेली.