पाण्यातून वर आलेलं हसू

निखिल, काल टीव्हीवर जागतिक जलतरण स्पर्धेतली पुरुषांच्या पन्नास मीटर फ्रीस्टाइलची अंतिम शर्यत पाहिली. मी चष्मा पुसेपर्यंत ती संपलीसुद्धा. भिंतीला हात लागताच सगळे वळून फलकाकडे पाहू लागले. आपण कितवे आलो, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

माझं लक्ष शेवटच्या आलेल्या मुलाकडे होतं. त्याने फलक वाचला, गॉगल कपाळावर सरकवला आणि डोकं पाण्यात बुडवलं. बऱ्याच वेळाने वर आला तो चक्क हसत, आणि दोरीवरून वाकून त्याने शेजारच्याला मिठी मारली.

"किती खिलाडू आहे बघ!" तुझे आजोबा म्हणाले.

"पाण्याखाली एवढा वेळ काय करत होता?"

"अगं, आता हसणाऱ्यावरही संशय?"

हो, संशयच. ओल्या चेहऱ्यावर तलावाचं पाणी कुठलं आणि डोळ्यांतलं कुठलं, कोणाला कळतंय? पोहणाऱ्यांची ही सोय मोठी आहे. आपल्याला त्यासाठी न्हाणीघरात नळ सोडून उभं राहावं लागतं.

निखिल, रविवारी शाळेची पोहण्याची शर्यत झाल्यावर तूही फोनवर ओल्या तोंडाने हसत होतास. "मस्त झाली, आजी!" मी "कितवा आलास?" विचारलं आणि नेमकं तेव्हाच तुझं नेटवर्क गेलं. मागून तुझ्या ताईचा आवाज मात्र स्वच्छ येत होता.

त्या मुलाला मला काही विचारता येणार नाही. तुला येतं. शेवटचा आला असलास तरी चालेल रे, पण आधी तोंड पूस आणि मग मला फोन कर.