शकुनबाईचा हात अन् बरबटीची वेल

पवनीच्या शकुनबाईनं तीस वर्षं घरच्या हातमागासाठी चरख्यावर सुताच्या कांड्या भरल्या, मंग मागच बंद पडला. आता ते तुलारामच्या वाडीत बरबटीचे, म्हणजे चवळीच्या लांब शेंगांचे, वेल दोरीवर चढवते. सोपं वाटते ना काम? पण तिनं आज गुंडाळलेले वेल उद्या सुटून लोंबत राहत.

"बाई, तू वेल चढवते का उतरवते?" तुलाराम म्हणे. "सूर्य जसा जाते तशीच वेल फिरते, त्यात काय हाय."

तिनं तसंच तं केलं होतं. कांडी भरायची सवयही त्याच अंगानं फिरवायची, हात आपोआप जाये. तिसऱ्यांदा सुटले तवा शनिवारी तो म्हणाला, "सोमवारी असेच दिसले तं मी दुसरी बाई पाहीन."

घरी सून काही बोलत नव्हती. पण बसून खाणाऱ्यासमोर ताट कसं सरकवतेत, हे शकुनबाईले मागच्या उन्हाळ्यातच समजलं होतं.

त्याच दुपारी सगळ्या बाया आंब्याखाली जेवायले गेल्या. हिनं वेलीवरची नजर न काढता तिथंच वाफ्यात डबा उघडला. समोर एक मोकळा शेंडा आंब्याकडे पाहून राहिला होता. भात संपला तवा तो तळ्याकडे वळला. हात धुऊन, घडीभर पडून उठली तं रस्त्याकडे. सूर्य आंब्याकडून विहिरीवरून रस्त्याकडे जाते, अन् हे बया तळ्याकडून उलटी चालली होती. सावलीतले वेल उजेडासाठी बाहेर झुकले होते, पण फिरत तेही तसेच उलटे.

"मावशी, वेल कायले पाहून राहिल्या, सून पसंत करता का?" जेवून आलेली रेणू म्हणाली.

"सून बरी व, सांगितलं तं आयकते तरी."

मंग तिनं आपल्या वाट्याच्या दोन्ही ओळी सोडल्या अन् उलट्या अंगानं गुंडाळायले घेतल्या. दर चौथ्या वेलीले हात जुन्याच वाटेनं जाये. परत सोडा, परत गुंडाळा. रविवारी कोणी बोलावलं नव्हतं तरी गेली. मनगट सुजलं, खांदा वर होईना.

सोमवारी एकही वेल सुटली नव्हती, उलट शेंड्यांनी आपापला एक एक वेढा वर घेतला होता.

तुलाराम ओळीतून फिरला. "पाहिलं? सूर्याच्या मांगं लावली तं टिकली. मी सांगतच होतो."

तिनं सुजलेल्या मनगटाले पदर गुंडाळला.

"हो भाऊ," ते म्हणाली. "तिसरी ओळ घेऊ?"

"घे."