दहिफळे मास्तरांची शेवंती

सकाळची पॅसेंजर लांबून शिट्टी देत असायची आणि आमचे स्टेशनमास्तर दहिफळे शेवंतीच्या वाफ्यात उकिडवे बसलेले असायचे. डोक्यावर टोपी, हातात चिमटा, पुढ्यात साबणाच्या पाण्याचा डबा. पान उलटं करायचं, मागची अळी अलगद धरायची आणि डब्यात सोडायची. गाडी वळणावर दिसली की गुडघे झटकून ते फलाटावर हजर. मी सहायक म्हणून रुजू झालो त्या दिवशी माझ्या हातातला कागद घेण्याआधीच त्यांनी मला दंडाला धरून वाफ्याकडे नेलं. "बोरुडे ना तुमी? आधी हे बगा. काल इथं नुसता ठिपका हुता, आज कळी हाय."

कोपरगावच्या अलीकडचं ते लहानसं स्टेशन. साल बहात्तरचं, दुष्काळाचं. मास्तर मूळचे पाथर्डीच्या कोरड्या भागातले. साहेबांपुढे ते छापील मराठी बोलत. फुलांचा विषय निघाला की गावची भाषा उसळून वर यायची. "आमच्याकडं फूल म्हंजी बाभळीचं," ते सांगायचे. "नोकरीला लागलो त्या स्टेशनवर पैल्यांदा शेवंती बगितली. पैला पगार किती हुता ते इसरलो, पन ती शेवंती न्हाई इसरलो."

त्या काळी आमच्याकडे स्टेशनांच्या बागांची स्पर्धा असायची. मास्तरांचा नंबर कधीच लागला नव्हता, आणि त्या हिवाळ्यानंतर ते निवृत्त होणार होते. म्हणजे ही शेवटची संधी. पिण्याच्या पाण्याचा थेंबही बागेला द्यायचा नाही, हा त्यांचा कडक नियम. अंघोळीचं, भांड्यांचं आणि फलाटावरच्या नळाखाली सांडलेलं पाणी ते बादलीत गोळा करायचे आणि तांब्या तांब्या करून एकेका रोपाला घालायचे.

आधी मावा आला. कोवळे शेंडे काळ्या किड्यांनी भरून गेले. मास्तरांनी स्वतःच्या चंचीतला सगळा तंबाखू भिजत घातला आणि त्याचं पाणी फडक्याने शेंड्यांवर शिंपडलं. चार दिवस ते तंबाखूवाचून तळमळत फिरत होते. "माझं व्यसन आता माव्याला लागलं," ते म्हणाले, "बगू कोन आधी सुटतंय." मावा आधी सुटला. तो दिवस त्यांनी सणासारखा साजरा केला; घरून गुळाचा चहा आला, सगळ्या हमालांना मिळाला.

आणि मग चिमण्या. दुष्काळासाठी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची पोती आमच्याच मालधक्क्यावर उतरायची. सांडलेल्या दाण्यांवर पाखरांचे थवेच्या थवे येत आणि तिथून उठून थेट वाफ्यात. सकाळी पाहावं तर कोवळे शेंडे आणि कळ्या तोडून खाली टाकलेल्या. मास्तरांनी डबे वाजवले, चिंध्या बांधल्या, गोदावरीवरच्या एका भोयाकडून मासे धरायचं फाटकं जाळं आणून वाफ्यावर पसरलं. पाखरं भोकांतून आत शिरायची. कळ्या रोज कमी होत होत्या आणि मास्तरांना घास गोड लागेना.

एका दुपारी जाळ्यात एक चिमणा अडकला. मास्तर धावले. रागाने मान मुरगळतील की काय, असं मला वाटलं. पण त्यांनी त्याचा पाय सोडवला आणि त्याला तळहातावर धरून ते नुसते बघत बसले. त्याची चोच उघडीच होती, आणि गळा लकलक हलत होता. मग त्यांनी खाली पडलेली एक कळी उचलली आणि बोटांत फिरवली.

"बोरुडे, इकडं या. लवकर या," त्यांनी हाक मारली. "ही खाल्लेली न्हाई. नुसती चावलीय. तिकडं दान्यांची रास पडलीय, मग ही इथं कशाला येत्यात? आवं, कोरडे दाने खाऊन घसा वाळतोय त्यांचा. ही पाखरं भुकेली न्हाईत, तानेली हाईत."

तासाभरात त्यांनी कुंभाराकडून मातीची परळं आणली आणि वाफ्यापासून लांब, लिंबाच्या सावलीत मांडली. पाणी आलं ते त्यांच्या स्वतःच्या तांब्यातलं. मास्तरीणबाई दारातून म्हणाल्या, "आणि तुम्ही काय प्याल?" "निम्मं," मास्तर म्हणाले. आम्ही खिडकीआडून श्वास रोखून पाहत होतो. एक चिमणी आली, मग दहा, मग झुंबड. मास्तरांनी माझा खांदा इतका आवळला की दुखायला लागला. त्यानंतर वाफ्यात क्वचितच कुणी शिरलं.

शेवंतीने तुटल्या शेंड्यांखाली नवे फुटवे आणि कळ्या धरल्या. पिवळा रंग दिसायला लागला तसे मास्तर दर तासाला मला बोलावून दाखवायचे. आणि ऐन फुलोऱ्यात वरून फोन आला: पाणीटंचाईमुळे यंदा स्पर्धा रद्द. फोन मीच घेतला होता. वाफ्याजवळ जाऊन मी सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं. "बरोबर हाय त्यांचं," ते म्हणाले आणि बादली उचलून पुढच्या रोपाकडे वळले.

दुसऱ्या दिवशीची पॅसेंजर खच्चून भरून आली. पूर्वेकडची माणसं, बोचकी, पोरं, कोयते घेऊन ऊसतोडीला निघालेली. एका खिडकीतून एक बाई वाफ्याकडे एकटक बघत होती.

"मास्तर, ती फुलं खरी हाईत का?" तिने विचारलं.

"गाव कुठलं, बाई?"

"पाथर्डीच्या पल्याडचं."

मास्तर गर्रकन वळले. वाफ्याला कुणी बोट लावलं तर ओरडणारा हा माणूस कात्री घेऊन आत घुसला आणि सपासप शेवंती कापत सुटला. ओंजळी भरभरून ते खिडक्यांतून देत निघाले, मीही त्यांच्यामागे पळत होतो. बायका फुलं केसांत खोवत होत्या, पोरं हात बाहेर काढत होती, म्हातारे हसत होते. गार्डने घड्याळ दाखवलं. "उशीर माझ्या नावावर लिवा," मास्तर धापा टाकत म्हणाले, "अजून दोन डबे हाईत."

मग गाडी हलली. डब्याडब्याच्या खिडक्या पिवळ्या झाल्या होत्या. मास्तर एका हातात हिरवा झेंडा आणि दुसऱ्या हातात कात्री धरून शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत उभे होते, आणि त्यांच्या पाठीमागे रिकामा हिरवा वाफा होता.