नकाशावर चढलेली चतुराबाई

नवीन जालन्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या गोरक्षनाथाची जीभ एकाच प्रश्नाला अडखळायची: "तुमचं मूळ गाव कोणतं?" मूळ गाव असायला माणसं एका जागी बसावी लागतात, आणि त्याच्या मागच्या पिढ्या मेंढरांमागे हिंडण्यात गेलेल्या. आजोबा धुळाजी एका शिवारात जन्मले, दुसऱ्यात बोहल्यावर चढले आणि तिसऱ्यात घोड्यावरून पडून पाय मोडून बसले. पुतणीच्या सोयरिकीत पाहुण्यांनी तोच प्रश्न काढला, तेव्हा भावकीतल्या चौघांनी चार गावं सांगितली. सोयरीक जमली, पण पाहुणे गालातल्या गालात हसले ते गोरक्षनाथाच्या मनाला लागलं.

घरी येताच त्यानं मोबाइलवर नकाशा उघडला. "जिथं जिथं आपली मेंढरं बसली, तिथं तिथं खूण करतो. मंग विचारा म्हणावं गाव!"

"आधी दुकानात पडलेल्या मोटारी बघा," बायको मनीषा म्हणाली. पण ऐकतो कोण?

जागा ठाऊक होत्या एकट्या साखराबाईला, म्हणजे त्याच्या आत्याला. आत्या सत्तरीच्या पुढची, पण आवाज सगळ्या कळपाला वळवेल असा. तिला मोटारसायकलवर मागं बसवून त्यानं जाफराबादचा रस्ता धरला. वाटेत त्याच्या खिशातून आवाज आला, "पुढे डावीकडे वळा."

आत्या दचकली. "खिशात कोण बाई हाय?"

"नकाशातली हाय, आत्या. रस्ता सांगून राह्यली."

"तिला काय ठावं? तू उजवीकडं घे. तिथं काळ्या मेंढीला जुळं झाल्तं."

तो उजवीकडे वळला. खिशातली बाई म्हणाली, "यू-टर्न घ्या."

"गप गं!" आत्या त्याच्या खांद्यावरून खिशात ओरडली. "मी हितं पायी हिंडलेली हाय. तू कधी आल्तीस?"

दोघी बायका भांडत राहिल्या आणि मधे गोरक्षनाथ दर वळणाला घामाघूम. शेवटी नाल्याकाठी एका वाकड्या बाभळीपाशी आत्यानं त्याची पाठ बडवली. "थांब! हीच ती. माझी माय चतुराबाई हितं चूल मांडायची. वाटंनं जाणारा माणूस उपाशी जाऊ देत नव्हती."

गोरक्षनाथानं नाव टाकलं, चतुराबाईची चूल. नकाशानं विचारलं, प्रकार कोणता? यादीत चूल काही नव्हती, मग त्यानं 'हॉटेल' निवडलं. उघडं कधी असतं?

"मायची चूल कधी विझलीच न्हाई," आत्या म्हणाली. त्यानं 'चोवीस तास' टाकलं. फोन नंबर मागितला, तर स्वतःचा दिला. त्याच हिशेबानं दिवस मावळेपर्यंत धुळाजीच्या जन्माची जागा प्रसूतिगृह झाली आणि पाय मोडला ती जागा हाडांचा दवाखाना. हे सगळं घरच्यापुरतंच आहे, अशी त्याची ठाम समजूत होती.

ऐन लग्नसराईत दुकानात फोन आला. "चतुराबाईची चूल का? सगळं वऱ्हाड उपाशी हाय. हॉटेल कुठंय? नुसती बाभूळ दिसून राह्यली!"

गोरक्षनाथ काही बोलायच्या आत दुसऱ्यानंच फोन हिसकावला. "मी रामराव, शेतमालक. माझ्या तुरीत दोन जीपा उभ्या हायेत आणि नवरदेवाचा मामा माझ्याकडं मेनू मागून राह्यला. तू जल्दी ये. न्हाई आलास तर मी येतो!"

गोरक्षनाथ आत्याला घेऊन धावला. तिथं मामा लाल, रामराव त्याहून लाल. आत्यानं कोणाशीच वाद घातला नाही. पदर खोचला आणि शेतातल्या घरापाशी जाऊन रामरावच्या बायकोला, पुष्पाबाईला, विचारलं, "पीठ हाय का गं?"

दोघी चुलीपुढं बसल्या. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, ठेचा. मामाला पत्रावळ्या मांडायला लावलं, भांडायला आलेल्या रामरावला पाणी वाढायला. गोरक्षनाथ कांदे चिरत असा रडत होता, की नवरदेवानं उठून त्याची समजूत काढली.

जेवताना रामराव थबकला. "मी लहान असताना हितं मेंढरं बसायची. एक बाई मला भाकरी द्यायची. बोलायला लई तिखट. एकदा माझा कान पिळल्ता."

"कोकराची शेपूट वढली असशील!"

"हां... वढल्ती."

"मंग तीच माझी माय!" आत्या इतकी खूश झाली, की तिनं त्याच्या ताटात तीन भाकऱ्या टाकल्या आणि आठवण म्हणून कानही पिळला.

त्या रात्री गोरक्षनाथानं प्रसूतिगृह आणि दवाखाना घाईघाईनं पुसले. डॉक्टरीणबाई कधी बसतात, असं विचारणारे फोन सुरू झाले होते. चूल मात्र पुष्पाबाईनं पुसू दिली नाही. "फक्त चोवीस तास काढा, भाऊ. रविवार ठेवा."

आता रविवारी तिथं खरंच जेवण मिळतं आणि आत्या सकाळीच जाऊन बसते. मध्यंतरी एकानं नकाशावर लिहिलं, "भाकरी झकास. आजी फार बोलतात." आणि पाचातल्या तीनच चांदण्या दिल्या. गोरक्षनाथानं वाचून दाखवल्यापासून नवा माणूस आला, की आत्या भाकरी हातातच धरते.

"आधी सांग, बाबा, चांदण्या किती देणार?"