चढावर गाडीमागे चालणारे अण्णा

धनपाल अण्णा मगदूम यांना पंच्याहत्तरावे वर्ष लागले म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. "तुम्हीही चार शब्द लिहा," असा समितीचा निरोप आला. चार शब्दांत भागणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. फौजेतली नोकरी संपल्यावरची सारी हयात मी अण्णांच्या गाडीवर काढली. माझ्या हाताला स्टिअरिंगची सवय आहे, पेनाची नाही, तेव्हा सांभाळून घ्यावे.

अण्णांची नि माझी पहिली भेट बेळगावच्या कॅम्पात, लष्कराच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात झाली. सहाही चाकांनी ओढणारा एक अवजड ट्रक त्या दिवशी निघायचा होता आणि मी त्याचा शेवटचा ड्रायव्हर होतो. व्यापारी येत होते, टायरांना लाथा घालत होते, पत्रा वाजवून बघत होते. मला आतून राग येत होता. तेवढ्यात पांढरी टोपी घातलेले निपाणीचे एक गृहस्थ सरळ माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "नाईकसाहेब, ह्येला काय सोसत न्हाय, तेवढं सांगा."

गाडीचे दुखणे ड्रायव्हरला विचारणारे हे पहिलेच गिऱ्हाईक! मी सगळे खरे सांगून टाकले. लो गिअर गाडी पूर्ण उभी करूनच टाकावा लागतो, चालत्या गाडीत टाकायला गेले की दांडा मध्येच अडकतो, हेही सांगितले. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे माझ्याच अंगाशी आले.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो आणि अण्णांनी लिलावात घेतलेल्या माझ्याच जुन्या गाडीवर कामाला लागलो. त्यांनी तिचे नाव 'सुभेदार' ठेवले होते. मी नाईक, गाडी सुभेदार, म्हणजे इथेही मीच हाताखाली! लढाईसाठी घडलेल्या त्या गाडीने साखर कारखान्यांचे बॉयलर नेले, विजेचे ट्रान्सफॉर्मर नेले, एकदा तर आमच्या अण्णांच्या जैन बस्तीपुढच्या, म्हणजे मंदिरापुढच्या, मानस्तंभाचा अखंड दगड नेला. दिवस मावळायच्या आत अण्णांचे जेवण होणार, मग गाडी जिथे असेल तिथे उभी. माल पोचवायची घाई असलेले लोक कुरकुर करत, पण अण्णा शांतपणे डबा उघडत.

त्यांच्या घरात कांदा येत नाही. मला मात्र कांद्याशिवाय भाकरी जात नाही. पहिल्याच आठवड्यात गाडीच्या हत्यारपेटीत पान्यांच्या शेजारी मला चार कांदे सापडले. अण्णा स्वतः बाजारातून घेऊन आले होते. "घरात आणायचा न्हाय एवढंच. पेटी काय घर न्हवं," असे म्हणून हसले. त्यानंतर ती पेटी कधी कांद्याविना राहिली नाही.

आता त्यांच्या कामाच्या रीतीविषयी. चढ आला की पायथ्याशी गाडी थांबायची. लो गिअर पडायचा. मग अण्णा बाभळीचा जाड ठोकळा काखेत मारून गाडीच्या मागच्या चाकाबरोबर चालत निघायचे. गाडी मागे सरकली तर चाकाखाली ठोकळा घालायचा, हे काम त्यांनी कधी कुणाला दिले नाही. "माल माझ्या भरवशावर आलाय, तर भरवसा मागं चालला पायजे," असे ते म्हणत.

समितीने छापायला घेतलेले अण्णांचे जीवनचरित्र मला वाचायला दिले. छान आहे. पण त्यात एक वाक्य आहे: तवंदीच्या चढावर ठोकळा घालताना अण्णांचा हात चुकला आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली, त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतली ही एकच चूक. हे वाचून मी त्या वाक्याखाली रेघ ओढली.

अण्णांची चूक नव्हती. चूक माझी होती.

निपाणीहून संकेश्वरकडे ट्रान्सफॉर्मर न्यायचा होता. पायथ्याशी थांबायचा मला त्या दिवशी कंटाळा आला. फौजेत एवढ्या गाड्या चालवल्या, मला काय शिकवता, असा माज होता अंगात. चालत्या गाडीत लो गिअर टाकायला गेलो. दांडा मध्येच अडकला, गाडी कुठल्याच गिअरमध्ये राहिली नाही, ब्रेकला ओझे पेलेना आणि सुभेदार मागे सरकू लागला. मग एक धक्का बसला आणि गाडी थांबली. खाली उतरून बघतो, तर ठोकळा चाकाखाली होता आणि अण्णांचा हातही.

दवाखान्यात अण्णांच्या पत्नी शांताक्का धावत आल्या. "कसं झालं वं?" अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझाच हात येळंवर निघाला न्हाय." मी गप्प बसलो. आणि गप्पच राहिलो, आजपर्यंत. त्या गप्प बसण्याची लाज त्या चुकीपेक्षा मोठी आहे, हे इथे उघड लिहितो.

हा लेख घेऊन परवा मी अण्णांकडे गेलो. वाचून दाखवला. मला रडू आवरेना. ते म्हणाले, "छापायचं तर छाप रं. पर अर्धंच लिवलंयस. दुसऱ्या दिवशी गाडी वर कुणी नेली?"

मीच नेली होती. सकाळी अण्णा दवाखान्यातून सरळ तवंदीला आले होते. "दुसरा ड्रायव्हर बघा," मी म्हणालो. त्यांनी ऐकले नाही. उजवा हात पट्टीत, डाव्या काखेत तोच ठोकळा, आणि ते गाडीमागे जाऊन उभे राहिले. आदल्या दिवशी ज्याने घात केला, त्याच्याच चाकामागे! मी गाडी वर नेली.

समितीला विनंती आहे की चरित्रातले ते वाक्य काढावे. आता सुभेदार कामावरून उतरला आहे, तरी सत्काराच्या दिवशी अण्णांना त्यातूनच न्यायचे ठरले आहे. मंडपाकडे जाताना थोडा चढ लागतो. अण्णांनी आतापासूनच ठोकळा पुसून ठेवलाय, असे शांताक्का सांगत होत्या. तो ठोकळा मी काल मागून आणला. गाडी माझा मुलगा चालवील, पायथ्याशी थांबवील, त्याला मी बजावले आहे.

अण्णा, तुम्ही पुढे बसा. शंभरी गाठा, हात-पाय धड राहू द्या, सांजेचा डबा वेळेवर उघडा. मागे वळून बघू नका. मागे मी चालतो आहे.