डॅशबोर्डावरचा कापूर

काल शेगडीजवळ ठेवलेल्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण वितळलं, आणि त्या वासासरशी मी मनानं तमिळनाडूतल्या तिरुवैयारुच्या देवळासमोर, भाच्याच्या नव्या गाडीत जाऊन बसले. गाडीची पूजा होती. भाचा चाकांखाली लिंबं ठेवायला उतरला, त्याची बायको फोटो काढायला, आणि मी मागच्या सीटवर. काचा बंद, सीटांवरचं प्लास्टिक अजून तसंच, पाठ घामानं त्याला चिकटलेली. म्हटलं, आतही आरती हवी. माझ्या वडिलांच्या जुन्या गाडीत आम्ही समोरच्या पत्र्यावरच कापूर लावत असू, म्हणून मी दोन सीटांमधून पुढे वाकून डॅशबोर्डावरच्या छोट्या पिळ्ळैयाराच्या, म्हणजे गणपतीच्या, पायाशी वडी ठेवली नि काडी ओढली. अगं बाई, तिथं पत्रा होताच कुठं, सगळं प्लास्टिक! काळा धूर सुटला, मी खोकत सुटले. दाराचा खटका ओढला, दार उघडेना. मुलांसाठीचं कुलूप लावलेलं. काचेचं बटण दाबलं, तर काच हलेना, किल्ली भाच्याच्या खिशात. पुढच्या सीटवर चढायचं माझं वय नव्हतं. मी काच बडवतेय आणि बाहेर भाचेसून हसून म्हणतेय, "मावशी, अजून एकदा हात हलवा!" शेवटी भाच्याला धूर दिसला. त्यानं मला ओढून बाहेर काढलं, टॉवेलानं जाळ दाबला. मी रडत म्हटलं, "नवी गाडी जाळली रे!" तो म्हणाला, "गाडी राहू दे, तू आधी श्वास घे." डॅशबोर्डावर प्लास्टिक वितळून पडलेला तो खळगा त्यानं कधीच दुरुस्त केला नाही. अजूनही मी गाडीत बसले, की तो आधी माझ्याकडची काच खाली करतो, मग हात पुढे करतो. मी पिशवीतली काड्यापेटी मुकाट्यानं काढून देते.