समुद्र घरी नव्हता

भडगावहून निघताना गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. अक्कांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दशम्या, ठेचा, शेव आणि कळण्याच्या भाकऱ्यांचं गाठोडं माझ्या मांडीवर दिलं. "अक्का, सुरतेत माणसं उपाशी राहतात का?" मी विचारलं. त्यांनी ऐकलंच नाही.

सहलीची आखणी माझी. ह्यांना कोकण हवं होतं. मी ठाम नाही म्हटलं. सासरे, आमचे आबा, इतका वेळ बसू शकत नाहीत. आम्हा खानदेशवाल्यांना जवळचा समुद्र सुरतेचाच. तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं दमण, मग डहाणू, असं ठरवलं. घाई आबांच्या डोळ्यांची होती. काचबिंदू. जळगावचे डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलीय तीही आकसत जाणार. घरी आल्यावर आबा चहा पिता पिता म्हणाले, "माले एकडाव समुद्र देखना शे." (मला एकदा समुद्र बघायचाय.) सगळा जन्म गिरणाकाठी गेला, समुद्र फक्त टीव्हीवर पाहिलेला.

धुळ्यात चहा झाला. साक्रीच्या पुढे कोंडाईबारीच्या घाटात ट्रकांची ही रांग! तिथेच गाठोडं सुटलं आणि मी मुकाट्यानं दोन दशम्या खाल्ल्या. अक्का खिडकीबाहेर बघत हसत होत्या. नवापूर सोडल्यावर पाट्या गुजराती झाल्या. आबा मान वळवून वळवून एकेक झाड बघत होते. त्यांना आता समोरचं तेवढंच दिसतं, बाजूचं नाही.

सुरतेबाहेर डुमसच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं होतं. मी आबांना हात धरून उतरवलं. समोर चिखल! काळा, ओला, नजर पोचेल तिथपर्यंत चिखल. पाण्याचा पत्ता नाही.

"समुद्र कथा गया?" (कुठे गेला?) आबांनी विचारलं. मग म्हणाले, "नदी आटस, समुद्रबी आटस का?"

मला रडावं की हसावं कळेना. हॉटेलं बघितली, रस्ते बघितले, अक्कांनी पंचांग उघडून निघायला अमावास्या टाळली; पण समुद्र जागेवर नसतो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ओहोटी हा शब्द शाळेत पाठ केला होता, तेवढाच.

टमाट्याची भजी तळणाऱ्या एका बाईंना विचारलं. "भरती सांजे आवशे, काका," त्या आबांकडे बघून म्हणाल्या. (संध्याकाळी येईल.) मग मला, "तिथी जोईने आववानुं ने!" (तिथी बघून यायचं ना!) म्हणजे पंचांग बघायचं होतं, पण भरतीसाठी.

आम्ही थांबलो. भजी खाल्ली, वर अक्कांची भाकरी. पाणी लांबून येऊ लागलं, पण त्याच्याआधी सूर्य गेला, आणि उजेड उतरला की आबांना काही दिसत नाही. "आवाज ई ऱ्हायना," (आवाज येतोय) एवढं म्हणून ते गाडीकडे वळले. मला इतकं वाईट वाटलं! भजीवाल्या बाईंना पैसे देताना मी पुढच्या भरतीची वेळ विचारून घेतली.

"दमणची खोली वाया जाईल," हे म्हणाले. "आणि तिथेही समुद्र आहेच की!"

"जाऊ दे खोली. सकाळी इथेच भरती आहे, बाईंनी सांगितलंय." मी माझीच आखणी मोडली. सुरतेत जो लॉज मिळाला त्यात राहिलो.

सकाळी लख्ख ऊन होतं आणि चिखल नाहीसा झाला होता. पाणी बांधाच्या दगडांपर्यंत चढलं होतं. आबांनी धोतर सावरलं आणि शेताचा बांध बघतात तशी मान डावीकडून उजवीकडे सावकाश नेली. तुकड्या-तुकड्यानं बघत होते. एक तुकडा झाला की पुढचा. मग पुन्हा उलट. अक्कांनी चपला काढून हात जोडले.

"बठ्ठं पानीच शे!" (सगळं पाणीच आहे!) आबा म्हणाले. आणि मग, "पल्याड कोनतं गाव शे?"

"लांब आहे, आबा," हे म्हणाले. आबांनी मान हलवली आणि त्या गावाकडे बराच वेळ बघत राहिले.

पुढे दमण झालं, डहाणू राहिलंच. भडगावला परतलो तर गिरणेत नेहमीसारखी वाळू. मला वाटत होतं, आबांना समुद्र दाखवायला मी घेऊन गेले. खरं तर मी फक्त गाडी पोचेपर्यंतचं ठरवलं होतं. बाकी सगळं थांबण्यावर होतं.

हल्ली आबांना समोरचंही पुसट दिसतं. परवा ओट्यावर बसले असताना शेजारच्या नानांनी विचारलं, "काय आबा, देखा का समुद्र?"

आबांनी मान डावीकडून उजवीकडे सावकाश नेली, आणि म्हणाले, "पहिले दिन तो घर नव्हता. दुसरे दिन भेटी गया."